शोध, क्लिपबोर्ड आणि फाइलींची नावे : विंडोज संगणकासाठी तीन छोटी साधने

संगणकावर मराठी मजकुराचे काम करणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ प्रत्यक्ष लिहिण्याबाहेर जातो. गेल्या वर्षीची फाइल कुठे ठेवली ते आठवणे, मघाशी कॉपी केलेला परिच्छेद पुन्हा शोधून आणणे, स्कॅन केलेल्या चाळीस कागदांना एकेक करून नाव देणे, अशा कामांत सकाळ निघून जाते. या तिन्ही कामांसाठी विंडोजवर चालणारी एव्हरीथिंग, डिट्टो आणि पॉवरटॉइज ही मोफत साधने मी रोज वापरतो आणि ती कशी बसवावीत व कशी वापरावीत ते येथे सांगतो.

आधी थोडी सावधगिरी. विंडोज व्हिस्टाबरोबर डेस्कटॉपच्या कडेला घड्याळ, हवामान, कॅलेंडर दाखवणारी गॅजेट्स आली आणि अनेकांनी ती हौसेने लावली. परंतु त्यांतील सुरक्षेच्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये ती बंद करण्याचा सल्ला दिला आणि विंडोज ८ मधून ती वगळली. जोडसाधन कितीही लहान असले तरी आपल्या फाइली त्याच्या हाती जातात, म्हणून ते नेहमी ज्याने बनवले त्याच्याच संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावे. काही वर्षांपूर्वी घाईत मी अशाच एका साधनाची फाइल एका तिसऱ्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतली. बसवताना आलेल्या खिडक्या न वाचता ‘पुढे, पुढे’ करत गेलो, आणि ब्राउझरमध्ये नको असलेली पट्टी व बदललेले मुखपृष्ठ घेऊन बसलो. ते निस्तरण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हापासून बसवताना येणारी प्रत्येक सूचना मी वाचतो आणि तुम्हीही वाचावी.

पहिले साधन एव्हरीथिंग. ते व्हॉइडटूल्सच्या संकेतस्थळावर मिळते. विंडोजचा स्वतःचा शोध अनेकदा रेंगाळतो, पण एव्हरीथिंगमध्ये अक्षर टाइप होताच यादी समोर येते. याचे कारण असे की, एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या साठवण-पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलच्या नावाची नोंद एका मुख्य तक्त्यात असते आणि हे साधन फोल्डरमागून फोल्डर धुंडाळण्याऐवजी थेट तो तक्ता वाचते. त्यासाठी बसवताना ते पडद्यामागे सतत चालणारी सेवा सुरू करण्याची परवानगी मागते, ती द्यावी. पेन ड्राइव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीने तयार केलेला असतो, म्हणून त्यातील फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे जोडावे लागते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे हा शोध मुळात नावांचा आहे. फाइलच्या आतील मजकुरात ‘वारसनोंद’ हा शब्द आहे, पण नावात नाही, तर नेहमीच्या शोधात ती फाइल दिसणार नाही.

मराठी नावांच्या बाबतीत येथे खरी गंमत आणि खरी अडचण आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा ऱ दोन निरनिराळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी अक्षरे वाटतात. त्यामुळे एका कळफलकावर दिलेले नाव दुसऱ्या कळफलकावरून शोधले की हाती काहीच लागत नाही आणि फाइल पुसली गेली असे वाटून जीव घाबरा होतो. अशा वेळी जोडाक्षर टाळून फक्त ‘हाड’ एवढेच टाइप करावे. तीच गत आकड्यांची आहे. मराठी सात आणि इंग्रजी सात ही दोन वेगळी चिन्हे असल्याने एक टाइप करून दुसरा सापडत नाही. दोन शक्यता एकदम शोधायच्या असल्यास त्यांच्यामध्ये उभी रेघ द्यावी, जसे कराड|कऱ्हाड. ही रेघ इंग्रजी कळफलकावरची आहे, मराठीतील दंड येथे चालत नाही. निकालाची यादी ही केवळ यादी नसून प्रत्यक्ष फाइली आहेत, म्हणून तेथे डिलीट दाबले की फाइल खरोखर रिसायकल बिनमध्ये जाते. शिवाय घरातील किंवा कार्यालयातील सामायिक संगणकावर या सेवेमुळे एकाच्या फाइलींची नावे दुसऱ्याला दिसू शकतात, हेही बसवण्यापूर्वी विचारात घ्यावे.

दुसरे साधन डिट्टो. आपण कंट्रोल आणि सी दाबून कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्ड या संगणकाच्या तात्पुरत्या जागेत राहतो आणि पुढची कॉपी होताच नाहीसा होतो. डिट्टो मात्र प्रत्येक कॉपी साठवून ठेवते आणि संगणक बंद करून चालू केला तरी ती टिकते. विंडोजमध्येही अशी सोय २०१८ पासून आहे. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबले की ती उघडते. पण तिच्यात २५ नोंदीच राहतात आणि पिन केलेल्या, म्हणजे कायम ठेवण्याची खूण केलेल्या, सोडून बाकीच्या संगणक पुन्हा सुरू होताच पुसल्या जातात. ज्यांचे एवढ्यात भागते त्यांनी डिट्टो बसवूच नये. मला भाषांतरात तेच तेच पारिभाषिक शब्द आठवड्यानंतरही लागतात, म्हणून मी डिट्टो घेतले. कंट्रोल धरून टॅबच्या वरची, एकच्या डावीकडची कळ दाबली की यादी उघडते. तेथेच शब्द टाइप केला की जुनी नोंद गाळून समोर येते आणि एंटर दाबताच ती मजकुरात उतरते. नोंदी किती व किती दिवस ठेवायच्या, ते पर्यायांमध्ये पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कॉपी केलेला पासवर्ड किंवा बँकेचा खाते क्रमांकही डिट्टोत तसाच साठतो. बँकेचे काम सुरू करण्यापूर्वी टास्कबारच्या कोपऱ्यातील डिट्टोच्या चिन्हावर उजवी क्लिक करून क्लिपबोर्डपासून त्याला तात्पुरते तोडावे आणि काम संपल्यावर पुन्हा जोडावे. विसरलात तर ती नोंद यादीतून निवडून पुसावी.

तिसरे साधन मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज. त्यात बरीच उपसाधने एकत्र येतात, पण मला त्यांतील नावे बदलणारे पॉवररीनेम तेवढे लागते. बाकीची सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवली आहेत. स्कॅनरने दिलेल्या नावांच्या फाइली निवडून उजवी क्लिक करावी, पॉवररीनेम उघडावे, वरच्या चौकटीत जुना शब्द आणि खालच्या चौकटीत नवा शब्द लिहावा. नवी नावे कशी होतील ते बदल करण्यापूर्वीच शेजारी दिसते आणि एखादी फाइल वगळायची असेल तर तिच्यापुढची खूण काढता येते. बदल केवळ नावात व्हावा, शेवटच्या पीडीएफ या भागाला हात लागू नये, यासाठीचा पर्याय आवर्जून निवडावा.

नाव देताना एक अडचण मात्र कोणतेही साधन सोडवत नाही. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे ७/१२ असे नाव देताच येत नाही. एकाच घरातील जमिनीच्या कागदांना कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी आडवी रेघ देऊन आकडे लिहितो, आणि मग तलाठी कार्यालयात निघायच्या वेळी शोधाशोध सुरू होते. अक्षरी ‘सातबारा’ हेच रूप घरात सर्वांनी ठरवून घ्यावे. त्यापुढे गावाचे नाव व गट क्रमांक, आणि शेवटी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आडव्या रेघांनी जोडलेली तारीख इंग्रजी आकड्यांत लिहावी, म्हणजे फोल्डरमध्ये एकाच गटाचे कागद आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

ही साधने संगणकाबरोबर आपोआप सुरू होतात. संगणक जुना असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपच्या यादीतून पॉवरटॉइज बंद करावे. नावे बदलण्याचे काम निघेल त्या दिवशी ते हाताने सुरू करता येते. एव्हरीथिंग आणि डिट्टो मात्र चालूच राहू द्यावीत, कारण डिट्टो बंद असताना केलेली कॉपी नंतर त्याच्या यादीत कधीच येत नाही.