मोर्स शिकायचं का? मुंबईतल्या नव्या हॅमसाठी

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सच्या तयारीला लागलेले लोक टिंब-रेघांच्या मोर्स संकेतांबद्दल हमखास विचारतात, "मोर्स अजून चालतं का हो?" चालतं, पण परीक्षेच्या जिवावर नाही. जहाजांनी 1999 मध्येच त्याला रामराम केला. 2003 च्या जिनिव्हा परिषदेत हॅमसाठीची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. 2007 मध्ये अमेरिकेने ते परीक्षेतून काढलं, आणि आपली तार जुलै 2013 मध्ये बंद पडली. आपल्याकडे लायसन्सच्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, वरच्या जनरलला मिनिटाला 8 शब्दांचा वेग लागतो. माझा सल्ला: आधी रिस्ट्रिक्टेड काढा, मोर्सपायी लायसन्स अडवून ठेवू नका. (नियम बदलत राहतात, अर्जाआधी दूरसंचार विभागाचं सरल संचार पोर्टल बघा.)

मी मोर्सकडे वळलो ते मुंबईतल्या जागेमुळे. सोसायटीची मनधरणी करून गच्चीवर जेमतेम दहा मीटरची वायर टांगायला मिळाली, म्हणजे 20 मीटर बँडचा डायपोल (लहरीच्या निम्म्या लांबीची, मधोमध केबल जोडलेली साधी अँटेना). केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून आणले. पण रेडिओ लावला की लिफ्ट, एलईडी दिवे, शेजाऱ्यांचे चार्जर असा सगळा कचरा ऐकू येतो. पावसाळ्यात विजांची कडकड वेगळी. (वीज चमकू लागली की अँटेना काढून ठेवायची, त्यात हयगय नको.) बोलण्याला सुमारे 2400 हर्ट्झ रुंद फ्रिक्वेन्सीची खिडकी लागते, मोर्सला 500 चा फिल्टर भरपूर होतो. आत येणारा गोंगाट पाचव्या हिश्श्यावर येतो. जिथे आवाज बुडतो तिथे मोर्सची 5 वॉटची शिट्टी वर येते.

तरी "मोर्सइतकं पोचणारं दुसरं काही नाही" हे जुन्या मंडळींचं पालुपद मला पटत नाही. 2017 मध्ये आलेली एफटी8 ही कॉम्प्युटरवर चालणारी संदेश-पद्धत कानाला लागतही नाहीत असे सिग्नल उचलते. पण तिथे गप्पा दोन कॉम्प्युटरच्या होतात, आपण बघत बसतो. तेव्हा मोर्स गरज म्हणून उरणार नाही. स्वतःच्या कानाने उतरवण्याची चटक लागलेल्यांपुरतं उरेल, आणि तेवढे लोक बँडवर रोज भेटतात.

शिकायचं तर टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. 8 शब्दांच्या वेगाला एक टिंब 150 मिलिसेकंदांचं असतं, मन ते मोजत बसतं आणि दहाच्या आसपास गाडी अडते. 20 च्या वेगाला तेच 60 वर येतं. मोजायला सवडच मिळत नाही, अक्षराचा ठेका कानात बसतो. कॉख पद्धत हीच: पूर्ण वेगात फक्त के आणि एम, दहातली नऊ बरोबर आली की तिसरं अक्षर. झेपत नसेल तर अक्षरांमधली जागा वाढवा, अक्षर मात्र संथ करू नका. लोकलमध्ये इंडिकेटरवर इंग्रजी नाव आलं की मनात वाजवायचं. दादर (डि म्हणजे टिंब, डा म्हणजे रेघ): डाडिडि, डिडा, डाडिडि, डिडा, डिडाडि. घाटकोपरला दमछाक होते.

हाताची काळजी नंतर. पॅडल (डावी-उजवीकडे दाबायची कळ) आणि कीयर (ठोके तयार करणारं सर्किट) घेतलात तर टिंब-रेघांची लांबी यंत्र सांभाळतं. पहिला संपर्क ठरीव साच्याचा असतो: रिपोर्ट (सिग्नल कसा येतोय ते), नाव, गाव, 73 (म्हणजे शुभेच्छा). कोणी झपाझप उत्तर दिलं तर क्यूआरएस (म्हणजे 'हळू पाठवा') पाठवा, समोरचा वेग कमी करतो.