गटाच्या द्राक्षांची स्पार्कलिंग वाइन: वजनकाट्यापासून बुचापर्यंत

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या बागायतदारांनी मिळून स्पार्कलिंग वाइन (बुडबुड्यांची, फसफसणारी वाइन) करायची ठरवली, तर आधी पैशाचं ठरवा. नुसत्या वजनावर दर दिला की जो तो गोडी भरेपर्यंत घड वेलीवर ठेवतो. या वाइनला मात्र माल लवकर तोडलेला लागतो. शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं साध्या वाइनसाठी साधारण २२ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात. इथे १८ ते १९ पुरे, आम्लता लिटरला ८ ग्रॅमच्या आसपास. म्हणून काट्याशेजारी रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) ठेवा आणि दर ब्रिक्स-आम्लता पाहून लावा. भांडणं इथेच मिटतात.

तोडणी पहाटे, उथळ क्रेटमध्ये. घड देठासकट, हळूहळू दाबा. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेतात आणि त्यातला पहिला २,०५० लिटर वेगळा ठेवतात. शेवटचा रस कडवट आणि कमी आंबट असतो, तो यात मिसळायचा मोह टाळा.

आंबवून, निवळून १० ते १०.५ टक्के अल्कोहोलची वाइन तयार झाली की बागांचे नमुने चाखून मिश्रण करा. आता साखर: बाटलीत ती यीस्टने पुन्हा आंबते आणि त्या वायूनेच बुडबुडे येतात. लिटरला ४ ग्रॅम साखरेतून साधारण १ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाब तयार होतो. ६ बारसाठी २४ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला २४ किलो. पण वाइनमध्ये आधीच उरलेली साखर प्रयोगशाळेत मोजून यातून वजा करा. जिभेवर विसंबू नका: ४ ग्रॅम नजरेआड झाली की दाब ७ बारवर जातो आणि बाटल्या फुटायचा धोका वाढतो. बाटली जाड स्पार्कलिंगचीच घ्या, साधी चालणार नाही.

यीस्ट थेट टाकलं तर अल्कोहोलमध्ये दबतं. थोडी थोडी वाइन मिसळत आधी सवय लावा. मोकळं सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते) जास्त असेल तरीही आंबवण अडतं. साखर-यीस्ट घातलेली वाइन भरून, क्राउन कॅप (सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण) लावून बाटल्या १२ ते १५ अंशांत आडव्या ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मेत हे वातानुकूलित खोलीशिवाय जमत नाही, तेव्हा विजेचा खर्च सुरुवातीलाच धरा.

किमान ९ महिने गाळावर (तळाशी बसलेल्या मृत यीस्टवर) राहू द्या. मग रोज थोडं फिरवत, उलटं करत गाळ मानेत आणायचा; हाताने चार-सहा आठवडे, यंत्राने आठवडाभर. मान उणे २५ अंशांच्या द्रावणात गोठवून कॅप काढली की बर्फाचा गोळा गाळासकट उडतो. डोळ्यांवर चश्मा हवाच. कमी झालेली वाइन आणि चवीपुरती साखर भरा (ब्रूट म्हणजे कोरड्या चवीच्या प्रकाराला लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी), बूच ठोका, तार आवळा. विक्रीआधी दोन-तीन महिने तशीच ठेवा.