उघड्यावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वायरलेस नेटवर्कच्या कामात येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इमारतीच्या आतल्या जोडण्यांपासून होते आणि तिथे बसलेला हात घेऊनच ते बाहेरच्या कामाला येतात. आत डोक्यावर छप्पर असते, विजेची सोय हाताशी असते आणि काही बिघडले तर शिडी लावून लगेच पाहता येते. बाहेर ऊन, पाऊस, वारा, झाडे आणि आकाशातली वीज या सगळ्यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. मोठी आवारे, मैदाने आणि गोदामांभोवतालच्या मोकळ्या जागा अशा ठिकाणी हे काम करत आल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. उघड्यावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपला वाय-फाय देणारे उपकरण, चांगला चालणार की नाही, हे तो खांबावर चढण्याआधीच ठरलेले असते. आणि ते ठरवताना आपला सिग्नल किती लांब जाईल यापेक्षा लांबच्या उपकरणाचे उत्तर आपल्याला ऐकू येईल का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते नीट समजून घ्या. बाहेरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटची प्रक्षेपणशक्ती २७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), म्हणजे सुमारे ५०० मिलिवॅट असू शकते, तर हातातला मोबाइल साधारण १५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे जेमतेम ३० मिलिवॅटने बोलतो. हा फरक १२ डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ सोळापट आहे. त्यामुळे मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर सिग्नलच्या रेघा भरलेल्या दिसतात, पण फोनने पाठवलेले उत्तर अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत धड पोहोचत नाही. ‘रेंज आहे पण नेट चालत नाही’ ही तक्रार बाहेरच्या जाळ्यात वारंवार येते आणि तिचे मूळ पुष्कळदा इथेच असते. अशा वेळी नवखा माणूस शक्ती आणखी वाढवतो आणि दोष आहे तिथेच राहतो. शक्ती एकाच दिशेने उपयोगी पडते. अँटेनाचा गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याची तिची क्षमता, मात्र पाठवताना आणि ऐकताना, दोन्ही वेळा मिळतो. म्हणून चांगली अँटेना निवडावी, गरजेप्रमाणे अ‍ॅक्सेस पॉइंटची संख्या वाढवावी आणि प्रत्येकाची शक्ती फोनच्या शक्तीच्या जवळपास ठेवावी, असा क्रम मी पाळतो.

यासाठी डेसिबलचे गणित तोंडपाठ हवे आणि ते वाटते तितके अवघड नाही. ३ डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट, १० वाढले की दहापट, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. २.४ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरमध्ये मोकळ्या हवेतच सुमारे १०० डेसिबल खर्ची पडतात, तर ५.८ गिगाहर्ट्झवर सुमारे १०८. आता एक उदाहरण मांडून पाहू. अ‍ॅक्सेस पॉइंटची शक्ती २० डीबीएम, अँटेना ८ डीबीआयची (म्हणजे ८ डेसिबल गेनची) आणि फोन २०० मीटरवर आहे असे समजा. २.४ गिगाहर्ट्झवर या अंतरातला खर्च सुमारे ८६ डेसिबल, म्हणून फोनला उणे ५८ डीबीएम मिळेल; आणि फोन १५ डीबीएमने बोलला तर अ‍ॅक्सेस पॉइंटला उणे ६३ ऐकू येईल. हेच ५.८ गिगाहर्ट्झवर केले तर आकडे अनुक्रमे उणे ६६ आणि उणे ७१ च्या आसपास येतात. आवाजी संभाषणासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या अधिक जवळचा, सिग्नल धरण्याची या व्यवसायात पद्धत आहे. त्यामुळे इथे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परतीची बाजू अपुरी पडते, हे कागदावरच कळते. शिवाय हा हिशेब पूर्ण मोकळ्या जागेचा आहे. फोन खिशात असेल, मध्ये माणसांची गर्दी किंवा झाडे असतील, तर त्यातून आणखी बरेच डेसिबल वजा होतात.

जागेची पाहणी हे या कामातले सर्वात मोलाचे अंग आहे आणि त्याला दिलेला वेळ कधीही वाया जात नाही. आवाराचा नकाशा हातात घेऊन पायी फिरावे, माणसे खरोखर कुठे बसतात आणि कुठे उभी राहतात ते पाहावे, पत्र्याची छपरे, पाण्याच्या टाक्या आणि लोखंडी जाळ्या यांच्या खुणा कराव्यात. झाडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पानांमधले पाणी सिग्नल शोषते. पानगळीत केलेली पाहणी पालवी फुटल्यावर खोटी ठरू शकते, आणि पावसाने भिजलेले झाड कोरड्या झाडापेक्षा जास्त अडवते. दोन इमारतींमध्ये थेट दुवा उभारायचा असेल, तर समोरचे टोक डोळ्यांना दिसते एवढ्यावर थांबू नये. दोन्ही टोकांमधल्या सरळ रेषेभोवती फ्रेनेल क्षेत्र नावाचा एक फुगीर पट्टा मोकळा लागतो. एक किलोमीटरच्या दुव्यात ५.८ गिगाहर्ट्झवर या पट्ट्याची त्रिज्या मध्यावर सुमारे ३.६ मीटर भरते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे दोन मीटरहून थोडे अधिक अंतर, अडथळ्याविना असावे लागते. वाढत्या झाडाचा शेंडा या पट्ट्यात शिरला की दुवा हळूहळू मंदावतो आणि कारण कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

उंचीबद्दलही एक समज सुरुवातीलाच दूर करायला हवा. जितके उंच तितके चांगले, हे दूरच्या दुव्यासाठी बहुतांशी खरे आहे, पण खाली वावरणाऱ्या माणसांना सेवा द्यायची असेल तर खरे नाही. सर्व दिशांना प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाचा गेन वाढतो तेव्हा तिचा झोत आडवा लांब जातो आणि उभ्या दिशेत चपटा होतो, म्हणून उंच खांबाच्या थेट पायथ्याशीच सिग्नल क्षीण मिळतो. ठरावीक बाजूलाच सेवा द्यायची असेल, तर सेक्टर अँटेना घेऊन ती किंचित खाली झुकवावी. झुकाव किती द्यायचा हे साध्या त्रिकोणमितीने निघते : १० मीटर उंचीवरून १०० मीटरवरच्या जागेकडे रोखायचे असेल, तर कोन सुमारे ६ अंशांचा येतो. दोन टोकांच्या दुव्यात दोन्ही अँटेनांचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची उभी-आडवी दिशा, जुळलेले असावे. एक उभी आणि एक आडवी राहिली तर २० डेसिबल किंवा त्याहून अधिक नुकसान होऊ शकते.

केबल आणि वीजपुरवठा यांत कसर करू नये. रेडिओ अँटेनाजवळच ठेवून खाली फक्त इथरनेट केबल आणावी, कारण उच्च वारंवारतेची समाक्षीय (कोअ‍ॅक्सियल) केबल लांबली की अँटेनाने कमावलेला गेन ती खाऊन टाकते. इथरनेटची मर्यादा १०० मीटरची आहे आणि त्याच केबलमधून वीजही जायची असते, म्हणून शुद्ध तांब्याची, उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली आणि शक्यतो शील्ड असलेलीच केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जास्त असल्याने दूरच्या टोकाला व्होल्टेज कमी पडते आणि ताण आला की उपकरण आपोआप पुन्हा सुरू होत राहते. वीज केबलमधूनच देण्याची मानके क्रमाक्रमाने वाढत गेली आहेत. ८०२.३एएफ या २००३ सालच्या मानकात स्रोताकडून १५.४ वॅट मिळतात आणि उपकरणापर्यंत १२.९५ वॅटची हमी असते. २००९ सालच्या ८०२.३एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. याखेरीज काही उपकरणे २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पुरवठ्यावर चालतात. त्यात स्विच (जाळ्यातली उपकरणे केबलने जोडणारी पेटी) आणि उपकरण यांच्यात आधी कोणतीही विचारपूस होत नाही, वीज सरळ सोडली जाते. म्हणून इन्जेक्टरवरची (केबलमध्ये वीज सोडणाऱ्या अडॅप्टरवरची) आणि उपकरणावरची अक्षरे वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

पाणी हा या कामातला सर्वात चिवट शत्रू आहे. उपकरणावर आयपी६७ लिहिलेले असते, म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी ते टिकते. पण हा दर्जा झाकणे आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथले घट्ट बसणारे बूच) नीट आवळलेले असतील तेव्हाच लागू पडतो. केबलचे तोंड खालच्या बाजूने यावे आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. उघड्या कनेक्टरवर आपसात एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर निथळते. मात्र उपकरणाच्या तळाशी हवेसाठी किंवा पाण्याच्या निचऱ्यासाठी दिलेले छिद्र कधीही बुजवू नये. दिवसा तापून रात्री थंड होणारी पेटी आत हवा ओढते, आणि ते छिद्र बंद असेल तर ओलावा सांध्यांमधून आत येऊन तिथेच साचतो.

आकाशातल्या विजेबाबत खोटा दिलासा कुणालाही देऊ नये. थेट कोसळलेल्या विजेपुढे सर्ज प्रोटेक्टर टिकत नाही. जवळपास पडलेल्या विजेमुळे केबलमध्ये जो लोंढा उमटतो, त्यापासून तो वाचवतो. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना, एक उपकरणाजवळ आणि एक इमारतीत शिरण्याच्या जागी, असे प्रोटेक्टर लावावेत, त्यांना आणि खांबाला जाड व शक्य तितक्या सरळ तारेने अर्थिंग द्यावे आणि ते अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेले असावे. वेगळा खड्डा करून तो तसाच सुटा ठेवला, तर दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकाने लोंढा उपकरणातूनच वाट काढतो. दोन वेगळ्या इमारती केबलने जोडायच्या असतील, तर तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर वापरावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

उंचीवर एकट्याने चढू नये, सुरक्षापट्टा बांधल्याशिवाय चढू नये, ढग गडगडत असताना चढू नये आणि विजेच्या तारांच्या आसपास खांब उभा करू नये. याला अपवाद नाहीत.

उपकरणाची मांडणी टेबलावरच पूर्ण करावी, असा माझा आग्रह असतो. फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे, देशाची नोंद खरी ठेवावी, कारण परवानगी असलेले चॅनेल आणि शक्तीची कमाल मर्यादा तिच्यावर ठरतात, आणि कारखान्यातून आलेला प्रशासकाचा पासवर्ड बदलावा. अ‍ॅक्सेस पॉइंट शक्यतो ब्रिज पद्धतीने, म्हणजे नुसता दुवा म्हणून, चालवावा आणि उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम मूळ राउटरकडेच ठेवावे, नाहीतर एकाच जाळ्यात दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जाऊन गोंधळ होतो. व्यवस्थापनाचा पत्ता स्थिर द्यावा आणि तो पाहुण्यांच्या जाळ्यापासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच केबलवरच्या स्वतंत्र आभासी जाळ्यात) ठेवावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ वापरावे, आणि जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए२ सोबतची मिश्र पद्धत ठेवावी.

चॅनेल निवडताना २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपलीकडे जाऊ नये, कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीचे हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता एकत्र नांदतात. रुंदी दुप्पट केली की वेग वाढतो, पण ऐकू येणारा नॉइजही ३ डेसिबलने वाढतो आणि शेजाऱ्यांशी टक्कर होण्याची शक्यता वाढते. म्हणून बाहेर मी बहुधा २० मेगाहर्ट्झच पसंत करतो. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलवर रडारचा हक्क आधी असतो. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंटला प्रक्षेपणापूर्वी साधारण ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो, आणि चालू असताना रडार आढळले तर चॅनेल सोडून अर्धा तास दूर राहावे लागते. उपकरण सुरू होऊनही जाळे दिसत नाही म्हणून घाबरण्याआधी हे आठवावे. जुने १ आणि २ मेगाबिटचे वेग बंद करणे ही छोटी पण फार उपयोगी गोष्ट आहे. प्रत्येक एसएसआयडीची (वाय-फायच्या नावाची) घोषणा सेकंदाला सुमारे दहा वेळा सर्वात कमी मूलभूत वेगाने होते, त्यामुळे तो वेग १ मेगाबिट असेल आणि एसएसआयडी पाच-सहा असतील, तर केवळ घोषणांनीच हवेतला बराच वेळ व्यापला जातो.

हे सगळे शिकण्यासाठी मोठा प्रकल्प मिळण्याची वाट पाहू नये. दोन साधे अ‍ॅक्सेस पॉइंट, एक व्यवस्थापित स्विच, क्रिंपिंगची पक्कड आणि केबल टेस्टर एवढ्यावर टेबलावरच पुष्कळ काही करून पाहता येते. वायरशार्क या जाळ्यातली वाहतूक पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसआयडीच्या त्या घोषणा पकडून वाचाव्यात, शक्ती बदलून फोनवरचे आणि अ‍ॅक्सेस पॉइंटवरचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत, आणि इथरनेट केबलमधल्या तारांचा टी५६८बी हा रंगक्रम बोटांना इतका सवयीचा करावा की उंचीवरही तो चुकणार नाही. प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर आधी सीसीएनएच्या अभ्यासाने नेटवर्कचा पाया पक्का करावा आणि मग रेडिओच्या बाजूसाठी सीडब्ल्यूएनएकडे वळावे. हा क्रम मला योग्य वाटतो, कारण वायरलेसच्या म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात पत्ते, व्हीलॅन किंवा केबल यांच्या असतात.

खांबावर उपकरण चढल्यावर तपासणीही दोन्ही बाजूंनी करावी. इंटरनेटचा वेग मोजणारी संकेतस्थळे बाहेरची जोडणीही त्यातच मोजतात, म्हणून जाळ्यातल्याच एका संगणकावर आयपर्फ३ हे वेग मोजणारे सॉफ्टवेअर चालवून मोजमाप घ्यावे, आणि ते सोयीच्या जागी उभे राहून नव्हे तर सेवाक्षेत्राच्या कडेला जाऊन, फोन हातात धरून घ्यावे. त्याच वेळी अ‍ॅक्सेस पॉइंटच्या यादीत तो फोन किती डीबीएमने ऐकू येतो ते टिपावे. हे आकडे, चॅनेल, झुकावाचा कोन, केबलची लांबी आणि बसवलेल्या जागेची छायाचित्रे एका नोंदीत ठेवावीत, मांडणीची प्रत जपून ठेवावी आणि केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. पहिला मोठा पाऊस झाल्यावर त्याच जागी जाऊन तीच मोजणी पुन्हा करावी. आकडे तीन-चार डेसिबलहून अधिक उतरले असतील, तर आधी कनेक्टर आणि ग्लँड उघडून पाहावेत, मग वाढलेल्या झाडांकडे पाहावे, आणि चॅनेल किंवा शक्तीला सर्वात शेवटी हात लावावा.