समुद्राकाठच्या घरात व्यायामाचं सामान कसं निवडावं

देशावरच्या कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं चकचकीत राहणारं डंबेल मालवण-वेंगुर्ल्याकडे एका पावसाळ्यातच गंज धरू लागतं. म्हणून किनाऱ्यालगत सामान घेताना वजन आणि किमतीच्या आधी धातू पाहावा.

आधी जागा ठरवा. पडवी मोकळी असते, तिथेच सगळं मांडायचा मोह होतो. पण पावसाची झड थेट आत येते. पश्चिमेच्या खिडकीपासून लांबची, वारा खेळता असलेली आतली खोली बरी.

मग डंबेल. नुसत्या क्रोमची जोडी घेऊ नका. क्रोमच्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं असतात. मीठ आणि ओल तिथून शिरते, खालचं लोखंड गंजतं आणि टवके उडून हाताला लागतात. रबर चढवलेली षटकोनी डंबेल्स घ्या. रबर आणि दांडा मिळतात तिथे नख फिरवून पाहा. फट लागली तर ती जोडी बाजूला ठेवा. यांचाही दांडा बहुधा क्रोमचाच असतो, त्यामुळे घाम रोज पुसायचाच. स्टेनलेस स्टील म्हणून कोणी विकत असेल तर प्रत विचारा. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त तग धरतं, पण महाग पडतं.

पुलअप्सचा बार तयार विकत घेण्यापेक्षा गावातल्या फॅब्रिकेटरकडून जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचा करून घ्या. एक इंची हे नुसतं नावाचं माप, तो पाइप बाहेरून सुमारे ३३ मिमी भरतो आणि मुठीत छान बसतो. त्यावरचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. वेल्डिंगच्या जागी मात्र ते जळून जातं. तिथे झिंक प्रायमर मारल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. जांभ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकून बार लावणं धोक्याचं आहे. चिरा सच्छिद्र असतो, लटकणाऱ्याच्या हिसक्यांनी बोल्ट सैल होतो. कौलांखालच्या वाशाला तर लटकूच नका. सिमेंटच्या बीमला बसवा, नाहीतर परसात दोन खांब काँक्रीटमध्ये रोवा. काँक्रीट जमिनीच्या चार बोटं वर घ्या, म्हणजे पाइपच्या बुडाशी पाणी साचणार नाही.

बेंचच्या रेक्झिनखाली साधं प्लायवूड असेल तर ते फुगतं. मरीन प्लाय मागा.

ट्रेडमिल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात लाइटची ये-जा असते, दमट हवेत सर्किट बोर्ड बिघडतो, आणि दुरुस्तीला माणूस शहरातून बोलवावा लागतो. चालायला आठ महिने पुळण आहेच. जून ते सप्टेंबर दोरीच्या उड्या, जोर-बैठका पुरतात. खर्च करायचाच असेल तर सागवानी मुद्गलांची जोडी करून घ्या. खांदे आणि मनगटं त्यांच्याइतकी क्वचितच कशाने तयार होतात, आणि लाकडाला गंजाचं भय नाही. त्यांना अधूनमधून जवसाचं तेल चोळा.

लोखंडाला मात्र मशीन ऑइलच लावा. खोबरेल घरात असतं म्हणून लावलं जातं, पण ते चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्यात रबरी मॅट व्यायाम झाला की उचलून भिंतीला उभी करा. पसरलेली राहिली तर खाली बुरशी येते.