ग्रीक पुराणांवरच्या प्रेमकादंबऱ्या कशा वाचाव्यात

अकिलीस आणि पात्रोक्लस या ट्रॉयच्या युद्धातल्या दोन ग्रीक योद्ध्यांच्या प्रेमाची कादंबरी उघडण्याआधी त्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड'ला दोन संध्याकाळी द्या. सगळं महाकाव्य वाचायची गरज नाही. चोवीस सर्गांपैकी नववा, सोळावा, एकोणिसावा आणि चोविसावा एवढे वाचले तरी पुरे. प्रतापनगरात माझं छोटं वाचनालय आहे. तिथे अशी कादंबरी मागायला जो कोणी येतो, त्याच्या हातात पुस्तक देताना मी एवढं आवर्जून सांगते.

यामागचं कारण मराठी वाचकाला लगेच पटतं. खांडेकरांची 'ययाती' आपण वाचतो तेव्हा महाभारतातली गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणून देवयानी बोलू लागली, शर्मिष्ठा बोलू लागली, की हे व्यासांनी सांगितलेलं नाही, हे खांडेकरांचं आहे, हे आपलं आपल्याला कळतं. 'मृत्युंजय'मधला कर्ण इतका भिडतो तोही त्याच कारणानं. ग्रीक गोष्टी मात्र आपल्या आजीनं सांगितलेल्या नसतात. मूळ माहीत नसेल तर कादंबरीकारानं काय बदललं, काय वाढवलं, कुठे धाडस केलं, यातलं काहीच दिसत नाही आणि पुस्तकाची निम्मी गोडी जाते.

मूळ वाचायला पैसेही लागत नाहीत. सॅम्युअल बटलरचं गद्य इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, बटलरनं देवांना रोमन नावं दिली आहेत. त्याचा जोव्ह म्हणजे देवांचा राजा झ्यूस, मिनर्व्हा म्हणजे अथीना आणि युलिसिस म्हणजे ओडिसियस. पुस्तकखुणेच्या चिठ्ठीवर या जोड्या लिहून ठेवा, नाहीतर कादंबरीत शिरल्यावर गोंधळ उडतो. विकत घ्यायचं असेल तर एमिली विल्सनची भाषांतरं घ्या, 2017 ची 'ओडिसी' (होमरचंच दुसरं महाकाव्य) आणि 2023 ची 'इलियड'. भाषा आजची आहे आणि मोठ्यानं वाचली तर फारच छान लागते. एकाच माणसाला कधी त्याच्या नावानं, कधी बापाच्या नावानं हाक मारलेली दिसेल, म्हणजे अकिलीसलाच 'पेलिअसचा मुलगा'. कौंतेय, राधेय वाचून मोठे झालेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

मग पहिली कादंबरी कोणती? मॅडलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलीस', दुसरा विचारच नको. ती 2011 मध्ये आली आणि 2012 चा ऑरेंज पुरस्कार तिला मिळाला. बाईंनी लॅटिन आणि ग्रीकचा रीतसर अभ्यास केलेला आहे आणि तो पानोपानी जाणवतो, पण कुठेही अंगावर येत नाही. गोष्ट पात्रोक्लस स्वतः सांगतो. वाक्यं छोटी, इंग्रजी सोपं. इंग्रजी पुस्तक आजवर पूर्ण झालं नाही असं म्हणणाऱ्या सभासदांना मी हेच देते.

ही वाचताना घरात कोणीतरी म्हणतंच, "हे प्रेमबीम आजकालच्या लेखकांनी घुसडलं." अशा वेळी नववा सर्ग काढा. होमर त्या दोघांना प्रियकर म्हणत नाही हे खरंच आहे. उलट त्या रात्री एकाच तंबूत एका बाजूला अकिलीस आणि दुसऱ्या बाजूला पात्रोक्लस झोपतो, दोघांच्याही शेजारी युद्धात पकडून आणलेली एकेक बाई आहे, असं तो स्पष्ट सांगतो. पण तोच अकिलीस मित्र गेल्यावर ज्या तऱ्हेनं कोसळतो, ते पाहून ग्रीकांनाच प्रश्न पडला होता. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात नाटककार एस्किलसनं या दोघांना प्रियकर म्हणून रंगवलं. ते नाटक आज तुकड्यातुकड्यांत उरलं आहे. प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात तर त्या दोघांपैकी प्रेम करणारा कोण आणि ज्याच्यावर प्रेम केलं तो कोण, यावरच बोलणं चालतं. मिलरनं प्रेम शोधून काढलेलं नाही, एका फार जुन्या वादात तिनं आपली बाजू मांडली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिलरची कादंबरी संपवून डोळे पुसले की लगेच पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (2018) उघडा. मध्ये आठवडा जाऊ देऊ नका. तोच तंबू, तीच माणसं, पण बोलते ब्रायसिस, अकिलीसला लुटीत मिळालेली बाई. मिलरकडे पात्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस तिला मागून घेतो, तिची इतरांपासून सुटका होते आणि तिचा पात्रोक्लसवर जीव जडतो. बार्करकडे सुटका नावाची गोष्टच नाही. पहिल्या पुस्तकात ज्या हातांवर आपण प्रेम केलं, त्या हातांनी काय केलं ते दुसऱ्यात दिसतं. ही प्रेमकथा नाही, आणि म्हणूनच ती प्रेमकथेनंतर वाचायची.

या दोन्हींची मुळं 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात एकाच ठिकाणी आहेत. पात्रोक्लसचं प्रेत पाहून ब्रायसिस आक्रोश करते. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत मारला गेला, तिघे भाऊ गेले, आणि तू मला रडूही देत नव्हतास, अकिलीसशी तुझं लग्न लावून देईन म्हणायचास, तू नेहमी माझ्याशी मायेनं वागलास, असं ती म्हणते. आमच्याकडे येणारी इंजिनिअरिंगची एक मुलगी हे वाचून चिडली होती. "ताई, ज्यानं नवरा मारला त्याच्याशीच लग्न? अन् ही त्यांच्याचसाठी रडून राहिली?" मी तिला त्यापुढच्या दोन ओळी वाचायला लावल्या. होमर म्हणतो, तिच्यासोबत बाकीच्या बायकाही रडल्या, वरवर पात्रोक्लससाठी, पण खरं तर प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे होमरला माहीत होतं." हो, माहीत होतं. बार्करची सगळी कादंबरी मला या दोन ओळींतून उगवलेली वाटते.

कॉलेजच्या मुलींमध्ये सध्या मागणी आहे ती हेडीस आणि पर्सेफनीची. पाताळाचा राजा, फुलं वेचणारी मुलगी, अंधारातलं प्रेम. इथे मूळ वाचणं जास्तच गरजेचं आहे. ते आहे डिमीटरच्या, म्हणजे पर्सेफनीच्या आईच्या, होमरिक स्तोत्रात, जेमतेम पाचशे ओळींचं. झ्यूस बाप असून परस्पर मुलगी भावाला देऊन टाकतो, जमीन फाटते, पर्सेफनी किंचाळते आणि आई नऊ दिवस मशाली घेऊन तिला शोधत फिरते. शेवटी सुटताना हेडीस तिला गुपचूप डाळिंबाचा दाणा खायला देतो. आपल्याला तो बळजबरीनं खायला लावला असं ती आईला सांगते. त्या एका दाण्यापायी वर्षाचा एक तृतीयांश भाग तिला पाताळात काढावा लागतो.

म्हणून या जोडीची कुठलीही नवी कादंबरी घेतली की आधी डाळिंबाचं पान शोधा. दाणा कोण उचलतं? तिनं समजून-उमजून, स्वतःच्या हातानं खाल्ला असेल तर लेखिकेनं अपहरणाची गोष्ट निवडीची केली. तसं करायला माझी हरकत नाही, पण मग पुढे त्या निवडीची किंमत पुस्तकात दिसायला हवी. आई कुठे गेली तेही बघा. डिमीटरला नुसती कटकटी, मुलीला कोंडून ठेवणारी सासूछाप बाई करून टाकलं असेल तर ते पुस्तक मी शिफारशीत घेत नाही. मूळ स्तोत्र त्या आईचं आहे.

आपण विदर्भातल्या वाचकांनी तर हा फरक चटकन ओळखावा. रुक्मिणी इथली, कौंडिण्यपूरची. तिचंही हरणच झालं, पण भागवताच्या दहाव्या स्कंधात तिनं स्वतः कृष्णाला पत्र धाडलं आहे, सात श्लोकांचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येईन, तिथून मला घेऊन जा, असा बेतही तिचाच. पर्सेफनीला असं पत्र कोणी लिहू दिलं नव्हतं. आजच्या लेखिका ते तिच्या हातात देऊ पाहतात. ते पत्र तिचं स्वतःचं वाटतं की तिच्या तोंडी कोंबलेलं, हे तपासत वाचा.

शाळकरी मुलांसाठी पुस्तक नेणार असाल तर आधी स्वतः चाळा. या जोडीवरच्या कितीतरी कादंबऱ्या निव्वळ प्रौढांसाठी आहेत आणि मुखपृष्ठावरच्या फुलांवरून ते कळत नाही. दहावीतल्या मुलीला मिलरची 'सर्सी' (2018) द्या, 'ओडिसी'तल्या जादूगारणीची गोष्ट. तीत प्रेम येतं-जातं, पण खरी गोष्ट एकटीनं उभं राहण्याची आहे. त्याआधी 'ओडिसी'चा दहावा सर्ग. वडीलधाऱ्यांपैकी कोणाला जुन्या वळणाचं काही हवं असेल तर सी. एस. लुईसची 1956 ची 'टिल वी हॅव फेसेस' आहे. प्रेमदेवाची प्रिया झालेल्या सायकीची गोष्ट, पण तिच्या थोरल्या, कुरूप बहिणीच्या तोंडून. 'ययाती' आवडणाऱ्यांना ती हमखास आवडते.

चार-पाच जण मिळून वाचत असाल तर मे महिन्यातली एक दुपार राखून ठेवा. उन्हामुळे तसंही कोणी बाहेर पडत नाही, आणि कूलरसमोर बसून मोठ्यानं वाचायला ती वेळ बरी. रोमन कवी ओव्हिडनं दोन हजार वर्षांपूर्वी 'हिरॉइडीज'मध्ये पुराणातल्या बायकांना पत्रं लिहायला लावली. त्यातलं तिसरं ब्रायसिसचं, अकिलीसला. माझं ग्रीक परकीच्या हातचं आहे आणि अक्षरं आसवांनी पुसली गेली आहेत, असं ती सुरुवातीलाच सांगते. ते एकीनं वाचावं आणि रुक्मिणीचं दुसरीनं. रुक्मिणीचं पत्र संस्कृतातच म्हणा, अर्थ मागाहून सांगा. ज्यांनी मिलर आणि बार्कर दोन्ही वाचल्या आहेत त्यांना बोलायला आधी द्या, नाहीतर त्यांना घाईघाईत आवरावं लागतं.