घरच्या सिंथचा फिल्टर: आधी गणित, मग तापकीर गल्ली

ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारा भाग) कुठलाही घेतला तरी सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी, लहर जवळजवळ सारखीच निघते. सिंथला (सिंथेसायझरला) स्वतःचा गळा मिळतो तो फिल्टरमध्ये. म्हणून बाकी काही तयार घ्या, फिल्टर मात्र स्वतः आखा, असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देते आणि सदाशिव पेठेतल्या घरी बनवलेल्या सिंथवर काम करते. त्यातला लो-पास फिल्टर, म्हणजे खालचे स्वर जाऊ देऊन वरचे कापणारा फिल्टर, कसा आखायचा ते इथे सांगते. ब्रेडबोर्डवर एखादं ऑपॅम्प चालवून पाहिलं असेल तर तुम्हाला हे जमेल.

फिल्टरमध्ये एकसारखे चार टप्पे आहेत. कटऑफच्या, म्हणजे जिथून कापणी सुरू होते त्या वारंवारतेच्या, वर प्रत्येक टप्पा दर सप्तकाला ६ डेसिबल कापतो, म्हणजे चौघांचे मिळून २४. रॉबर्ट मूग यांच्या ज्या लॅडर फिल्टरला १९६९ मध्ये पेटंट मिळालं, त्याची उतरणही एवढीच आहे. आपण मात्र ट्रान्झिस्टरची शिडी न करता एलएम१३७०० ही आयसी वापरणार आहोत. तिच्या पोटात दोन ओटीए असतात, म्हणून दोन आयसी पुरतात. ओटीए (ऑपरेशनल ट्रान्सकंडक्टन्स अ‍ॅम्प्लिफायर) हा असा अ‍ॅम्प्लिफायर आहे, की त्याच्या एका पिनमध्ये जेवढा करंट सोडाल तेवढी त्याची ताकद वाढते. नॉब फिरवला की कटऑफ सरकतो तो याच गुणामुळे.

एका टप्प्याची जोडणी अशी: सिग्नल १०० के रेझिस्टरमधून ओटीएच्या प्लस इनपुटला द्या आणि त्या पिनवरून ४७० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला न्या. ओटीएच्या आउटपुटवरून ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. हेच आउटपुट टीएल०७४च्या एका बफरला द्या. बफरमधून निघालेला सिग्नल पुढच्या टप्प्याला जातो, आणि तोच १०० के मधून ओटीएच्या मायनस इनपुटला परत येतो. त्या पिनलाही ४७० ओहम ग्राउंडला हवाच. एलएम१३७००मध्ये स्वतःचे बफर आहेत, पण त्यांच्यात दोन डायोडइतका व्होल्टेज पडतो, म्हणून मी ते मोकळे सोडते. डायोडच्या पिन २ आणि १५ याही मोकळ्याच ठेवायच्या.

आता आकडे. नेहमीच्या तापमानाला ओटीएचा ट्रान्सकंडक्टन्स (इनपुटच्या दर व्होल्टमागे निघणारा आउटपुट करंट) म्हणजे त्या पिनमधला कंट्रोल करंट गुणिले १९.२. १ मिलिअँपिअरला तो १९.२ मिलिसीमेन्स होतो. १०० के आणि ४७० ओहमच्या जोडीने सिग्नल साधारण २१४ पट लहान होतो, म्हणून ट्रान्सकंडक्टन्सलाही २१४ने भागा. उरलेल्या आकड्याला २π गुणिले कपॅसिटरने भागलं की कटऑफ मिळतो: सुमारे २१ किलोहर्ट्झ. करंट हजारपट कमी करून १ मायक्रोअँपिअरवर आणला, तर २१ हर्ट्झ. कानाला ऐकू येणारा अख्खा पट्टा एका नॉबवर बसला. दुसरे कुठलेही आकडे घेतलेत तरी ही दोन टोकं आधी कागदावर काढा.

या ४७० ओहमपाशी जरा रेंगाळूया, कारण आवाजाचा स्वभाव इथेच ठरतो. ओटीएला इनपुटवर १०-२० मिलिव्होल्टच्या पुढे सरळ रेषेत चालता येत नाही, सिग्नल हळूहळू दबायला लागतो. आपला ५ व्होल्टचा सिग्नल ४७०वर २३ मिलिव्होल्ट होतो, म्हणजे दाब नुकता सुरू होतो. ४७०च्या जागी २२० ओहम आणि ३३० पिकोफॅरड घेतलं तर आवाज स्वच्छ होतो, पण सिग्नल लहान झाल्याने मागची सळसळ जास्त ऐकू येते. १ के आणि १.५ नॅनोफॅरड घेतलं तर सळसळ कमी होते आणि आवाज खरबरीत, दाट होतो. तिन्ही जोड्यांत कटऑफचा पट्टा जवळपास तोच राहतो. दाब पडतो तो ओटीएच्या दोन इनपुटांमधल्या फरकावर. कटऑफच्या खूप खाली इनपुट आणि आउटपुट सारखेच असतात, म्हणून खर्ज स्वच्छ राहतो आणि खरखर कटऑफच्या आसपास व वर येते. नाटकासाठी मी ४७० ठेवते, कारण संवादाखाली तो आवाज टोचत नाही.

सामान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत मिळतं. कपॅसिटर मागताना ‘एनपीओ’ असं स्पष्ट सांगा, अंगावर ६८१ लिहिलेलं असेल. साधा सिरॅमिक कपॅसिटर तापमानाबरोबर सरकतो, त्यातले काही व्होल्टेजबरोबरही सरकतात. आयसी सॉकेटवरच बसवा. पॉवरसाठी १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ७८१२ आणि ७९१२. या दोन रेग्युलेटरच्या पिनांचा क्रम वेगळा आहे आणि ७९१२चा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळे दोघांना एका हीटसिंकवर उघडं बसवू नका. २३० व्होल्टची बाजू जाणत्या माणसाकडून बंद डब्यात करून घ्या.

चारही टप्पे एकदम जोडू नका. पहिला टप्पा बांधा, प्लस १२वरून २.२ मेगओहम त्याच्या पिन १ला, म्हणजे कंट्रोल करंटच्या पिनला, लावा. पिन मायनस १२च्या जेमतेम सव्वा व्होल्ट वर असते, म्हणून सुमारे १० मायक्रोअँपिअर जातील आणि कटऑफ २२० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. मोबाइलच्या टोन जनरेटरवरून आधी ३० हर्ट्झ द्या आणि आउटपुट मोजा, मग २२० द्या. आकडा पहिल्याच्या ०.७ पट झाला, की टप्पा बरोबर आहे. मल्टिमीटरला २ व्होल्टची एसी रेंज हवी. मग प्रत्येक ओटीए असाच तपासून पुढे जा.

रेझोनन्ससाठी, म्हणजे कटऑफजवळचे स्वर उठून यावेत म्हणून, चौथ्या टप्प्याचं आउटपुट परत सुरुवातीला आणायचं. कटऑफवर प्रत्येक टप्पा ४५ अंश मागे पडतो आणि सिग्नल ०.७०७ पट करतो. चौघांचे मिळून १८० अंश आणि एक चतुर्थांश. म्हणजे उलटं करून चारपट परत दिलं की फिल्टर स्वतःच गायला लागतो. दुसऱ्या टीएल०७४चा एक भाग इन्व्हर्टिंग मिक्सर करा: इनपुटला १०० के, फीडबॅकला १०० के, आणि १० के पॉटच्या (नॉबने बदलणाऱ्या रेझिस्टरच्या) मधल्या पायावरून २२ के. पॉट पूर्ण उघडल्यावर साडेचारपट मिळतं, बारीकसारीक घट त्यात भरून निघते.

याची एक किंमत आहे. चारपट फीडबॅकवर खालचे स्वर एक पंचमांश होतात, जवळजवळ १४ डेसिबल. इनपुटचा थोडा सिग्नल उलटा न करता रेझोनन्सच्या पॉटच्या वरच्या टोकाला मिसळला, की रेझोनन्सबरोबर खर्जही भरत जातो. मी मात्र ही घट तशीच ठेवते, कारण नटाच्या आवाजाला जागा मिळते.

करंटचा नॉब थेट पॉटने केला तर खालची सप्तकं एका कोपऱ्यात चेंगरतात, म्हणून एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर, म्हणजे दर व्होल्टला करंट दुप्पट करणारं सर्किट, हवं. बीसी५५७ या पीएनपी ट्रान्झिस्टरची जोडी घ्या, एकाच करंटवर दोघांचा बेस-एमिटर व्होल्टेज मोजा, फरक १-२ मिलिव्होल्टच्या आत असेल तर पाठीला पाठ लावून चिकटवा. मोजताना बोटाची ऊब गेली आहे ना ते पाहा. एकाचा करंट ऑपॅम्प स्थिर धरतो, दुसऱ्याचा कलेक्टर चारही कंट्रोल पिनांना जातो. बेसवर १८ मिलिव्होल्टला एक सप्तक, म्हणून १०० के आणि २ के प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने लावायच्या छोट्या पॉटने) १ व्होल्ट तेवढा खाली आणा. पीएनपी असल्याने कंट्रोल व्होल्टेज आधी उलटा करून द्यायचा. ऑपॅम्प आणि दोन्ही एमिटर यांच्यामध्ये २.२ के घाला, म्हणजे प्रत्येक ओटीएला सव्वा मिलिअँपिअरपेक्षा जास्त कधीच मिळणार नाही. त्याची मर्यादा २ आहे.

फिल्टर तयार झाला की ११० हर्ट्झची सॉटूथ द्या, रेझोनन्स गाण्याच्या जरा अलीकडे ठेवा आणि कटऑफ हळूहळू वर न्या. २२०ला वरचा सा, ३३०ला पंचम, ५५०ला गांधार एकेक करून उभे राहतील. तानपुऱ्याच्या खर्जात ऐकू येतो तोच हा स्वयंभू गांधार. ७७०ला येणारा निषाद पेटीच्या कोमल निषादापेक्षा स्पष्ट उतरलेला आहे. एखादा स्वर अंधुक राहिला तर रेझोनन्स किंचित वाढवा. तरीही नाही उमटला तर चारांपैकी एखाद्या टप्प्याचा कटऑफ बाजूला सरकलेला आहे, तिथे कपॅसिटर तपासा.

फिल्टरच स्वरात वाजवायचा असेल तर तापमान आडवं येतं. १८ मिलिव्होल्टचा आकडा दर अंशाला ०.३३ टक्के बदलतो. डिसेंबरमधली पुण्याची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर चार सप्तकांत जवळजवळ ०.४ सप्तकाची चूक होते. त्यासाठी २ केच्या जागी ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर (दर अंशाला तेवढाच ०.३३ टक्के बदलणारा) त्या ट्रान्झिस्टरना चिकटवून लावा. फिल्टर फक्त गाळायला वापरणार असाल तर त्याची गरज नाही. प्रयोगाआधी अर्धा तास सिंथ चालू ठेवा आणि प्रीसेट रंगमंदिरातच लावा.