नाताळच्या रात्री बाळाला मिस्साला नेताना

गोव्यात 24 डिसेंबरची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, बऱ्याच ठिकाणी चर्चच्या पटांगणात, उघड्यावर होते. दव पडतं, म्हणून कानटोपी आणि सुती कपड्यांचे दोन थर घाला; जाड लोकरीत बाळ घामेजून किरकिरतं. निघण्याआधी दूध पाजून ढेकर काढा. जागा कडेची धरा, लाउडस्पीकरपासून लांब. अगदी तान्हं असेल तर 25 तारखेची सकाळची मिस्साच बरी. देवाचे आभार तिथेही तेवढेच मनापासून मानता येतात.

घरी पाहुणे जमले की खरी काळजी ताटाची. वर्षाच्या आत मध बोटाला लावूनही चाटवू नका: त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दोदोल हा चिकट गोड पदार्थ घशात अडकतो, प्लम केकमध्ये बहुधा रम असते. आणि हात धुतल्याशिवाय बाळ कुणाकडेही देऊ नका, अगदी आजीकडेही.